काळ्या जहाजाचा प्रवास

(सांस्कृतिक आघाडीवरील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



लोकसंगीत, ब्लूज, अभिजात संगीत आणि बाजारात खपणारे लोकप्रिय संगीत यांना एकत्र आणणाऱ्या कलावंतांविषयी मी बोलावे, असे मला सांगण्यात आले आहे. पेशाने मी अनुवादक. त्यामुळे विषय हाती आल्यावर प्रथम अडलो तो शब्दापाशीच. दोन परंपरा एकत्र आल्या की मराठीत तीन शब्द चटकन सुचतात : भेसळ, मिसळ आणि संगम. पहिल्या शब्दाला पोलिसांचा वास आहे, दुसऱ्याला उपाहारगृहाचा आणि तिसऱ्याला तीर्थक्षेत्राचा. तिन्ही शब्द निवाडा आधी देतात आणि पुरावा मागाहून मागतात.

आपल्या वर्तुळातही हेच घडते. एक साथी म्हणतात, लोकगीत हे श्रमिकांचे धन आहे, त्याला गिटार लावाल तर ते विटेल. दुसरे साथी म्हणतात, संगीताला सीमा नसतात, सारे सूर एकच आहेत. दोघेही प्रामाणिक आहेत. पण दोघांच्याही भूमिकेत एक सोय दडलेली आहे. गाणे प्रत्यक्ष ऐकण्याचे श्रम ती वाचवते. म्हणून आज सिद्धान्ताचा पाढा न वाचता मी एकच गाणे घेतो आणि ते कुठून कुठे गेले, प्रत्येक मुक्कामी त्याच्या अंगावर काय चढले, हे सांगतो. गाण्याचे नाव 'पायरेट जेनी'. शब्द बेर्टोल्ट ब्रेख्तचे, संगीत कुर्ट वाइलचे, साल १९२८. परंतु त्याची मुळे आणखी दोनशे वर्षे मागे जातात, आणि आरंभ तिथूनच करावा लागेल.

२९ जानेवारी १७२८ रोजी लंडनमध्ये जॉन गे या लेखकाचा 'बेगर्स ऑपेरा', म्हणजे भिकाऱ्यांचा ऑपेरा, प्रथम रंगमंचावर आला. लंडनच्या उमराव वर्गाला त्या काळी इटालियन ऑपेराचे वेड होते. बहुतेकांना न कळणाऱ्या भाषेत राजे आणि वीर गात, आणि त्या न कळण्यातही प्रतिष्ठा होती. गेने रस्त्यांवर आणि गुत्त्यांत लोकांच्या तोंडी असलेल्या इंग्रजी, स्कॉटिश, आयरिश चाली उचलल्या, त्यांवर नवे शब्द बसवून ६९ गाणी रचली आणि ती दरोडेखोर, वेश्या, तुरुंगाधिकारी आणि चोरीच्या मालाचा दलाल यांच्या तोंडी घातली. ज्याच्या ऑपेरांवर उमराव लुब्ध होते त्या हेंडेललाही त्याने सोडले नाही. 'रिनाल्डो' या ऑपेरातील वीरांच्या कूचाची चाल येथे वाटमारीला निघालेली टोळी गाते. प्रेक्षक हसले ते चालीला नव्हे. वीर आणि वाटमारे यांच्यात चालीपुरताही फरक उरला नाही, याला ते हसले. त्या हसण्याचा अर्थ सरकारला बरोबर समजला. नाटकाच्या पुढच्या भागावर तो रंगमंचावर येण्याआधीच बंदी आली.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गेने लोकगीत आणि ऑपेरा यांचा गोडवा एकमेकांत विरघळवला नाही. दोघांना समोरासमोर उभे करून त्यांच्याकडून एकमेकांविरुद्ध साक्ष काढली. या 'साक्ष' शब्दाकडे मी पुन्हा येणार आहे.

१९२० मध्ये लंडनात हा ऑपेरा पुन्हा उभा राहिला आणि त्याचे चौदाशेहून अधिक प्रयोग झाले. ही वार्ता बर्लिनला पोहोचली ती एलिझाबेथ हाउप्टमान या बाईंपर्यंत. त्या ब्रेख्तच्या सहकारी होत्या आणि त्यांना उत्तम इंग्रजी येत होते. त्यांनी ती संहिता जर्मनमध्ये उतरवली, ती वाचून ब्रेख्तने नव्याने नाटक रचले आणि ३१ ऑगस्ट १९२८ रोजी बर्लिनच्या शिफबाउअरडाम नाट्यगृहात 'थ्रीपेनी ऑपेरा', म्हणजे तीन पैशांचा ऑपेरा, सुरू झाला. उत्पन्नाची वाटणी ठरली ती अशी : ब्रेख्त ६२.५ टक्के, वाइल २५ टक्के, हाउप्टमान १२.५ टक्के. एक अनुवादक म्हणून मी या आकड्यांकडे किंचित जास्त वेळ पाहतो, याबद्दल क्षमा असावी.

कुर्ट वाइल हा डेसाऊ गावच्या यहुदी प्रार्थनामंदिरातील मुख्य गायकाचा मुलगा. बर्लिनमध्ये तो फेरुच्चो बुसोनीसारख्या थोर अभिजात संगीतकाराच्या हाताखाली शिकला. अशा माणसाने या नाटकासाठी वाद्यवृंद निवडला तो सात वादकांचा! पण हे सात जण मिळून वीसहून अधिक वाद्ये वाजवीत. सॅक्सोफोन आणि बँजो ही जाझची वाद्ये, ट्रम्पेट आणि नगारे हे बँडचे, आणि त्यांच्या जोडीला हार्मोनियम, होय, आपली पेटी, जी तिकडे गरीब चर्चमधून वाजत असे. जत्रेतील खुनांच्या कहाण्या गाणारा गायक नाटकाच्या आरंभी येतो. हे गायक चित्रांच्या फळीवर छडी ठेवीत कथा गात. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही. ऑपेरा, जत्रेतील कवन, चर्चची धून, नाचगाण्याच्या दिवाणखान्यातला टँगो, हे सारे या नाटकात आहे आणि प्रत्येक गोष्ट आपल्या मूळ वस्तीचा पत्ता सांगत उभी आहे.

आता जेनीचे गाणे. एक मोलकरीण आहे. बंदरावरच्या एका भिकार हॉटेलात ती पेले विसळते, गाद्या घालते, कुणी पैसा फेकला तर आभार मानते. गिऱ्हाइकांना ती दिसते, पण ती कोण आहे हे त्यांना ठाऊक नाही. तिला मात्र ठाऊक आहे की एके दिवशी बंदरात एक लढाऊ जहाज येणार आहे. ते शहरावर तोफा डागील, हे एक हॉटेल तेवढे शिल्लक ठेवील. मग खलाशी उतरतील, सगळ्यांना साखळदंड घालून तिच्यापुढे आणतील आणि विचारतील, यांपैकी कुणाला मारायचे? ती म्हणेल, सर्वांना. नंतर जहाज तिला घेऊन निघून जाईल.

हे शब्द एखाद्या त्वेषाच्या कूचगीतावर बसवणे सोपे होते. वाइलने तसे केले नाही. कडव्यांना त्याने अस्वस्थ, धावती, जवळजवळ कुजबुजती चाल दिली आणि ध्रुपदात जहाज दिसू लागताच सूर रुंद, संथ आणि विलक्षण सुंदर केला. म्हणजे हॉटेलातले खरे आयुष्य आले धापा टाकणाऱ्या लयीत आणि सर्वनाशाचे स्वप्न आले प्रेमगीताच्या सुरात. ऐकणाऱ्याला लाज वाटावी इतके ते स्वप्न गोड लागते. ब्रेख्तला नेमके हेच हवे होते : श्रोत्याने सुराला मान डोलवावी आणि त्याच क्षणी आपण कशाला मान डोलवतो आहोत, हे त्याच्या ध्यानात यावे.

मूळ नाटकात हे गाणे पॉली आपल्या लग्नात, एका तबेल्यात गाते. त्या भूमिकेसाठी ठरलेली अभिनेत्री कारोला नेहर पहिल्या प्रयोगाला उभी राहू शकली नाही; नवरा नुकताच वारला होता. पुढे तिने ती भूमिका नाटकात आणि १९३१ च्या चित्रपटात केली. हिटलरच्या राजवटीपासून पळून ती आश्रयाला गेली सोव्हिएत संघात. तिथे तिला १९३६ मध्ये अटक झाली आणि १९४२ मध्ये ती कैदेतच मरण पावली. आपल्या नियतकालिकात हे वाक्य छापले गेले पाहिजे, म्हणून मी ते येथे बोलतो आहे.

नाझींनी या संगीताचा द्वेष का केला, हेही समजून घेण्यासारखे आहे. वाइलने मार्च १९३३ मध्येच जर्मनी सोडली. १९३८ मध्ये ड्युसेलडोर्फला 'अधःपतित संगीत' या नावाने एक प्रदर्शन भरवण्यात आले. त्याच्या भित्तिपत्रकावर सॅक्सोफोन वाजवणारा एक कृष्णवर्णीय वादक विद्रूप करून रंगवला होता आणि त्याच्या कोटावर यहुद्यांचा तारा लावला होता. त्यांना केवळ यहुदी नको होता, केवळ कृष्णवर्णीय नको होता, असे नाही. त्या दोघांचे सूर एकत्र येणे ही त्यांच्या दृष्टीने सर्वांत भयंकर गोष्ट होती. 'शुद्ध' संगीताची मागणी कानावर आली की मला ते भित्तिपत्रक आठवते. शुद्धतेचा आग्रह धरणारे आपले साथी त्या पंगतीतले नाहीत, हे मी जाणतो. पण शब्दांना त्यांचा इतिहास असतो.

जेनी अमेरिकेत खऱ्या अर्थाने रुजली ती मार्क ब्लिट्झस्टाइन या संगीतकाराच्या इंग्रजी रूपांतरातून. हा काही वर्षे अमेरिकन कम्युनिस्ट पक्षाचा सभासद होता. त्याचे रूपांतर १९५२ मध्ये लेनर्ड बर्नस्टाइनच्या संचालनाखाली प्रथम सादर झाले, १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लहानशा नाट्यगृहात आले आणि १९५५ पासून १९६१ पर्यंत तिथे चालूच राहिले. त्यात वाइलची विधवा लोटे लेन्या जेनीची भूमिका करीत असे. ब्लिट्झस्टाइनने एक बारीकसा बदल केला. जर्मन गाण्यात जहाजाची ओळख त्याच्या आठ शिडांनी होते. इंग्रजीत त्याने ते काळे मालवाहू जहाज केले. बहुधा त्याला चांचेपणाचा भेसूर रंग हवा असेल, किंवा अक्षरे बसवायची असतील. अनुवादकाच्या निर्णयामागे पुष्कळदा एवढेच असते. त्या 'काळ्या' शब्दाने पुढे काय काम केले, ते आता पाहू. ब्लिट्झस्टाइनला ते पाहायला मिळाले नाही. जानेवारी १९६४ मध्ये मार्टिनिक बेटावर त्याचा खून झाला.

त्याआधी दोन वेगळ्या वाटा नोंदवतो. याच नाटकातील खुनी मॅकीचे गाणे १९५५ मध्ये लुई आर्मस्ट्राँगने जाझच्या थाटात म्हटले, १९५९ मध्ये बॉबी डॅरिनने ते पॉपच्या थाटात म्हटले आणि ते अमेरिकेत नऊ आठवडे खपात पहिले राहिले. आर्मस्ट्राँगच्या घोगऱ्या आवाजात अजून सुरीची धार होती. पुढे सुरी गेली, चाल उरली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात एका बड्या अमेरिकन खाद्यपदार्थ कंपनीने याच चालीवर रात्रीच्या बर्गरची जाहिरात केली. एक माणूस मारून पैसा मिळवणाऱ्याचे गाणे बर्गर विकायला लागले! ब्रेख्तलाही एवढे नेमके टोक सुचले नसते.

दुसरी वाट बॉब डिलनची. १९६३ मध्ये न्यूयॉर्कमधील ब्रेख्तच्या गीतांच्या एका कार्यक्रमात त्याने जेनीचे गाणे ऐकले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात तो सांगतो की ते गाणे त्याने उकलून पाहिले. तोवर तो लोकगीते आणि ब्लूज यांच्या साच्यांत लिहीत होता. १९६४ च्या त्याच्या तबकडीत हॅटी कॅरोलचे गाणे आहे. ही बाल्टिमोरच्या एका हॉटेलात काम करणारी ५१ वर्षांची कृष्णवर्णीय स्त्री. फेब्रुवारी १९६३ मध्ये एका धनिक तरुण जमीनदाराने तिला छडीने मारले, ती दगावली, आणि त्याला शिक्षा झाली सहा महिन्यांची. गाण्याची चाल साध्या बॅलडसारखी आहे; परंतु शिक्षेचा आकडा शेवटपर्यंत राखून ठेवण्याची त्याची रीत त्याने जेनीच्या शाळेत शिकली, असे मला वाटते.

आता मी नीना सिमोनकडे येतो. हे भाषण मुख्यतः तिच्यासाठीच आहे.

तिचे जन्मनाव युनिस वेमन. २१ फेब्रुवारी १९३३ रोजी उत्तर कॅरोलिनातील ट्रायन गावी तिचा जन्म झाला. आई मेथडिस्ट पंथाची उपदेशिका होती आणि गोऱ्यांच्या घरी मोलकरणीचे कामही करीत असे. मुलगी लहानपणीच चर्चमध्ये पियानो वाजवू लागली. गावातील एका इंग्रज शिक्षिकेने तिला बाख शिकवला आणि गावकऱ्यांनी तिच्या शिक्षणासाठी निधी गोळा केला. बारा वर्षांची असताना तिचे जाहीर वादन झाले. पुढच्या रांगेत बसलेल्या तिच्या आईवडिलांना गोऱ्यांसाठी जागा करून मागे जायला सांगण्यात आले. ते परत पुढे येईपर्यंत मी वाजवणार नाही, असे त्या मुलीने सांगितले, आणि ते पुढे आले. ही हकिकत तिने स्वतः सांगितली आहे.

अमेरिकेतील पहिली कृष्णवर्णीय अभिजात पियानोवादिका व्हायचे तिचे स्वप्न होते. १९५० च्या उन्हाळ्यात ती न्यूयॉर्कच्या ज्युलियार्डमध्ये शिकली. १९५१ मध्ये फिलाडेल्फियाच्या कर्टिस संस्थेने तिला प्रवेश नाकारला. आपला रंग हेच कारण, असे ती आयुष्यभर मानत आली. संस्थेशी संबंधित लोकांनी ते अमान्य केले. पुरावा कुणाच्या बाजूचा, हा वाद मी येथे सोडवीत नाही. ज्या देशात आईवडिलांना रांगेतून उठवले जाते तिथे नकाराचे कारण विचारण्याची गरज मुलीला भासत नाही, एवढेच म्हणतो.

१९५४ मध्ये ती अटलांटिक सिटीच्या एका बारमध्ये पियानो वाजवू लागली. दुसऱ्या रात्री मालकाने सांगितले, नोकरी हवी असेल तर गावेही लागेल. आईला हे सैतानाचे संगीत वाटेल या भीतीने तिने नाव बदलले आणि युनिस वेमनची नीना सिमोन झाली. तिच्या संगीतातील 'मिश्रणा'चा उगम हा असा आहे. सभागृहाचे दार बंद झाले आणि बारचे दार पगारावर उघडले. पण बोटांत बाख होता, कानांत चर्च होते आणि समोरच्या गिऱ्हाइकाला चालू पॉप गाणी हवी होती. तिने तिघांचेही ऐकले आणि कुणालाच सबंध शरण गेली नाही.

हे प्रत्यक्षात कसे घडे, ते एका उदाहरणाने सांगतो. 'लव्ह मी ऑर लीव्ह मी' हे १९२८ मधील न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरचे एक हलकेफुलके गाणे. नीनाने ते म्हटले, आणि मधल्या पियानोवादनात बाखची फ्यूगची रीत आणली. फ्यूगमध्ये एक आवाज चाल मांडतो. ती मांडून झाली की दुसरा आवाज तीच चाल दुसऱ्या पट्टीत घेऊन आत येतो. मग दोन्ही आपापल्या वाटेने चालत राहतात. आपल्या रागसंगीताला ही कल्पना तशी अपरिचित. बारमधल्या गिऱ्हाइकाचे पाऊल तालावर आपटत राहते आणि वर अठराव्या शतकातील जर्मन चर्च चालू असते.

ब्लूजविषयीही दोन शब्द. बारा मात्रांचा नव्हे, बारा आवर्तनांचा हा साचा. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर द्यायचे. गंधार आणि निषाद यांची जागा कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी, कंठ ठरवील तिथे. पियानोला असा सूर नाही. त्याच्या पट्ट्यांमध्ये फट नसते. म्हणून ब्लूज वाजवणारा दोन शेजारच्या पट्ट्या एकत्र चिरडतो आणि त्या घर्षणातून हरवलेला सूर सुचवतो. आफ्रिकेतून आलेल्या गळ्याची आणि युरोपातून आलेल्या वाद्याची ही झटापट आहे. ती जिथे ऐकू येईनाशी होते, तिथे ब्लूज संपून त्याचा आभास उरतो.

१२ जून १९६३ रोजी मिसिसिपीत मेडगर एव्हर्सचा खून झाला. १५ सप्टेंबरला अलाबामातील बर्मिंगहॅम येथे कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये बॉम्ब ठेवण्यात आला आणि चार मुली मेल्या. आत्मचरित्रात नीना सांगते की ही बातमी ऐकून ती घरातील सामानातून बंदूक बनवायला बसली. नवऱ्याने सांगितले, मारणे तुला येत नाही, तुला संगीत येते. तासाभरात तिने 'मिसिसिपी गॉडॅम' लिहिले. ही चाल रंगभूमीवरील नाचऱ्या गाण्याची आहे, उड्या मारणारी, हसवणारी. कार्यक्रमात ती श्रोत्यांना सांगे की हे एका संगीतिकेतले गाणे आहे, फक्त ती संगीतिका अजून लिहिली गेलेली नाही. श्रोते हसत. कडव्यागणिक ते हसू गोठत जाई. दक्षिणेतील एका विक्रेत्याने तिच्या तबकड्यांची पेटीच्या पेटी मोडून परत पाठवली. शोकगीताला त्याने असे केले नसते. शोक त्याला चालला असता. चालली नाही ती ही आनंदी चाल.

मार्च-एप्रिल १९६४ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये झालेल्या तिच्या कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रणात हे गाणे आहे आणि त्याच तबकडीवर 'पायरेट जेनी'ही आहे. तिने हॉटेल उचलून अमेरिकेच्या दक्षिणेतील एका गावात नेले. एवढ्या एका बदलाने मोलकरीण कृष्णवर्णीय झाली, गिऱ्हाइके गोरी झाली, आणि ब्लिट्झस्टाइनने कदाचित सहज म्हणून वापरलेला जहाजाचा काळा रंग अकस्मात पेटला. वाइलचा सात जणांचा वृंद तिने काढून टाकला. पियानो, मागे नगाऱ्याची दूरच्या तोफेसारखी घरघर, आणि मध्ये मध्ये निव्वळ शांतता. फरशी पुसणाऱ्या बाईच्या आवाजात ती सुरुवात करते. शेवटी आता मारायचे की नंतर, या प्रश्नाचे उत्तर ती गातच नाही, कुजबुजते. कार्नेगी हॉलसारख्या सभागृहात, जिथे बाख वाजवायचे तिचे स्वप्न होते, साडेसहा मिनिटे शेकडो सुशिक्षित श्रोते एका मोलकरणीच्या कुजबुजीकडे श्वास रोखून कान लावतात.

मी 'साक्ष' म्हणालो होतो ती ही. तिची बोटे पियानोच्या मंद्र सुरांवर जे वजन ठेवतात ते अभिजात तालमीतून आले आहे. शब्द फेकण्याची रीत चर्चच्या उपदेशातून आली आहे. ती तिच्या आईची आहे. नाट्य बर्लिनचे आहे. आणि मधल्या स्वरांवर घसरणारा गळा ब्लूजचा आहे. यांतले काहीही एकमेकांत विरून गेलेले नाही. अभिजात संगीत म्हणते, मला हिला नाकारण्यात आले. चर्च म्हणते, मी हिला क्षमा शिकवली होती. ब्लूज म्हणतो, मला सारे आधीच माहीत होते.

आपल्याकडे या नाटकाचे वंशज आहेत. कलकत्त्याला अजितेश बंद्योपाध्याय यांनी 'नांदीकार'तर्फे 'तीन पयसार पाला' १९६९ मध्ये केले. पु. ल. देशपांडे यांचा 'तीन पैशाचा तमाशा' पुण्याच्या थिएटर अकॅडमीने १९७८ मध्ये जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आणला. भास्कर चंदावरकर, आनंद मोडक आणि नंदू भेंडे हे त्याच्या संगीताशी निगडित होते. तमाशाचा ढाचा, नाट्यसंगीताच्या चाली, लावणी, आणि अंकुशच्या भूमिकेत नंदू भेंडे यांचे रॉक! हे भेंडे आधी मुंबईच्या इंग्रजी रंगभूमीवर 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार'मध्ये गाजलेले. नाट्यसंगीताची उमरावी आब आणि गुंडाच्या तोंडचे रॉक यांना त्यांनी समोरासमोर उभे केले. गेने हेंडेलचे जे केले, तेच येथे नाट्यपदाचे झाले. तरीही एक मत मांडतो. त्या प्रयोगात मौज पुष्कळ होती आणि बोच त्या मानाने कमी. पु. लं.चा विनोद माणसांवर लोभ करणारा आहे. ब्रेख्तचा विनोद माणसांकडे हिशेब मागतो. ज्या पुण्यात सहा वर्षांपूर्वी, १९७२ मध्ये, 'घाशीराम कोतवाल'मध्ये चंदावरकरांनीच कीर्तनाचे आणि लावणीचे सूर एका ओळीत उभे करून सभ्यतेची सालटी काढली होती, तिथे ही बोच अशक्य नव्हती.

आणि आपल्या चळवळीला हे शिकायला बर्लिनला जाण्याची गरज होती, असेही नाही. अण्णा भाऊ साठे यांनी 'माझी मैना'मध्ये विरहाच्या लावणीचा साचा घेतला. मुंबईला पोटासाठी आलेला माणूस गावी राहिलेल्या बायकोसाठी झुरतो. त्याच झुरण्यात गिरणगाव येतो, मुंबईची विषमता येते आणि अखेर संयुक्त महाराष्ट्राची मागणी येते. शृंगाराची चाल त्यांनी पुसून टाकली नाही. ती राहिली म्हणूनच राजकारणाला शरीर मिळाले. याउलट आपली कित्येक पथके चालू चित्रपटगीताच्या चालीवर घोषणा बसवतात आणि गाणे संपते तेव्हा श्रोत्यांच्या ओठांवर मूळ चित्रपटगीतच उरते. हे मी टिंगल म्हणून सांगत नाही. मीही अशा गाण्यांना टाळ्या वाजवल्या आहेत. पण चालीला तिथे काही कामच दिलेले नसते. ती हमाल म्हणून येते आणि घोषणा उतरवून निघून जाते.

पैशाची गोष्ट राहिली. नीना सिमोनने आपल्या पहिल्या मोठ्या ध्वनिमुद्रणाचे हक्क सुमारे ३,००० डॉलरला देऊन टाकले होते. १९८७ मध्ये त्यातीलच एक गाणे एका फ्रेंच अत्तराच्या ब्रिटनमधील जाहिरातीत वाजले आणि खपाच्या यादीत पाचवे आले. तीस वर्षांपूर्वीच्या त्या करारामुळे नफ्याचा ओघ तिच्याकडे वळणे कठीणच होते. मॅकीचे गाणे बर्गरला आणि नीनाचे गाणे अत्तराला, तेही एकाच दशकात. बाजारही परंपरांचे मिश्रण करतोच. फक्त तो सांधे घासून गुळगुळीत करतो, म्हणजे हे सूर कुठल्या बारमधून, कुठल्या चर्चमधून आले, असे कुणी विचारू नये. कर्टिस संस्थेने तिला सन्माननीय पदवी दिली ती २००३ मध्ये. दोन दिवसांनी, २१ एप्रिलला, फ्रान्समध्ये ती वारली.

जेनीचे गाणे मराठीत पथकांसाठी करावे, असे गेले काही महिने माझ्या मनात आहे. हॉटेल कुठले, हा प्रश्न फार अवघड नाही. मुंबईच्या गोदीपासून विशाखापट्टणच्या बंदरापर्यंत अशी हॉटेले आहेत आणि त्यांत पेले विसळणाऱ्या बायका आहेत. जहाजाचा रंग कोणता ठेवायचा, यावर विचार चालू आहे. चाल ओवीची घ्यावी असे वाटते, कारण दळताना बाई एकटी असते आणि स्वतःशी काहीही बोलू शकते. ध्रुपदाला मात्र ओवी पुरणार नाही, तिथे कदाचित नाट्यपदाचा रुंद सूर लागेल. अडलो आहे तो एका उद्गारापाशी. मान उडाली की जेनी एक छोटासा शब्द उच्चारते. जर्मनमध्ये तो शब्द सर्कशीतला कसरतपटू उडी घेताना वापरतो, आणि पडलेल्या मुलाला उचलतानाही तो तोंडी येतो. पोर धडपडून रडू लागले की आपल्या घरांतून जमिनीवर हात आपटून जे म्हणतात, तेच सध्या माझ्या वहीत त्या जागी पेन्सिलीने लिहिलेले आहे : मुंगी मेली.